पहिल्या शब्दावरून उत्तर

पाचवीच्या बाईंचं स्वतःचं शिक्षण मराठीतून, शिकवणंही जन्मभर मराठीतूनच. केस पिकायला लागले आणि शाळा इंग्रजी झाली. मोठ्या बाईंनी खोलीत बोलावून सरळच सांगितलं, "तपासणीत वर्गाने इंग्रजीत नीट उत्तरं दिली, तर वर्ग तुमचा. नाहीतर तुम्हाला भांडारात बसावं लागेल, खडू-वह्या वाटायला. माझ्या हातात काही नाही हो."

लग्नाआधीपासून बाई फळ्यापुढे उभ्या होत्या. दुसरं काही त्यांना येतही नव्हतं.

व्याकरण त्यांनी पाठ केलं आणि पोरांकडून करून घेतलं. शब्दार्थ तर कवितेसारखे तालात. घोडं अडलं ते एकाच प्रश्नापाशी: लेखकाने हे का लिहिलं? उत्तरं तीनच. माहिती द्यायला, मन वळवायला किंवा करमणूक करायला. पण ओळखायचं कसं? संध्याकाळी भाजी निवडता निवडता बाईंना ठोकताळा सुचला. आकडे दिसले की 'इन्फॉर्म'. 'यू शुड' आलं की 'पर्सुएड'. आणि गोष्टीसारखी 'वन्स'ने सुरुवात झाली की डोळे मिटून 'एंटरटेन'. पुस्तकातल्या सगळ्या उताऱ्यांना तो बरोबर लागू पडला. बाईंनी देवापुढे हात जोडले. "तूच सुचवलंस रे बाबा."

"अगं, पण उतारा कळतो का तुला?" नवऱ्याने विचारलं.

"कळायला वेळ कुठाय? उत्तर आलं म्हणजे झालं."

"वा! नाडी न बघताच औषध."

"तुम्ही आधी तो कांदा चिरा."

तपासणीला आलेले साहेब मऊ बोलणारे होते. त्यांनी पुस्तक बाजूला सारलं, खिशातून एक कागद काढला आणि वाचायला लागले. "वन्स" कानावर पडताच अर्ध्या वर्गाचे हात वर. पुढचं कुणी ऐकलंच नाही. बाईंनीही नाही, त्या पोरांची तोंडं न्याहाळत होत्या. वाचून झाल्यावर साहेबांनी विचारलं, लेखकाने हे का लिहिलं?

"टू एंटरटेन, सर!" अख्खा वर्ग एका सुरात. बाईंचा जीव भांड्यात पडला.

साहेबांनी कागदाची घडी घातली. "शुअर?"

"येस सर!" आता आणखी जोरात. पहिल्या बाकावरच्या ठेंगणीने तर टाळ्याच वाजवल्या.

साहेब बाईंकडे वळून हळूच मराठीत म्हणाले, "बाई, हे एका आईने लिहिलंय. तिचं लेकरू उघड्या टाकीत बुडालं. निदान बाकीच्यांनी तरी टाक्या झाकाव्यात, म्हणून लिहिलंय. तुम्ही ऐकत होतात ना?"

'पोरांचं लक्षच नसतं हो,' हे बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. समोर ती सगळी तोंडं शाबासकीची वाट बघत होती.

"पोरांची चूक नाही साहेब. पहिला शब्द ऐकून उत्तर द्यायचं, हे मीच शिकवलं. बाकीचं मलाही कळलं नव्हतं."

"मला हे लिहावं लागेल, बाई."

"लिहा. फक्त तो कागद ठेवून जाता का?"

साहेब गेले. पोरं उसळली. "बाई, आपण पास ना?"

बाईंनी शब्दकोश काढला. एकेक शब्द फळ्यावर लिहायचा, कोशात शोधायचा, मोठ्याने सांगायचा. त्या स्वतःच दोन ठिकाणी अडखळल्या. एरवी त्या चुकल्या की मागच्या बाकांवर खुसखुस व्हायची. आज कुणी हसलं नाही. मग बुडण्याचा शब्द फळ्यावर आला.

"बाई, मी टाळ्या वाजवल्या," ठेंगणी रडवेली होऊन म्हणाली.

बाई तिच्या बाकावर टेकल्या. "मी वाजवायला लावल्या गं."

तेवढ्यात शिपाई दारात आला. "बाई, मोठ्या बाई बोलावतायत. साहेबांशी बोलणं झालंय. भांडाराची किल्ली काढून ठेवलीय त्यांनी."

पदराने तोंड पुसून बाई फळ्याकडे वळल्या.

"येते म्हणावं. आमच्या दोन ओळी राहिल्यात."