ओंजळीतला ठाणेदार

आमची फायटरवाली मंडळी कुठंही भेटू द्या, बारशाला, तेरवीला, नाहीतर गोंदियाच्या फलाटावर, दोन मिनिटांत विषय मासोळीवर येतोच. एकानं जुना किस्सा काढला की दुसऱ्याला त्याहून जुना आठवतो. घरचे लोक हळूच उठून जातात. जाऊ देत! आमचं ऐकायला आम्हीच पुरतो.

आधी मंडळी सांगते. बिसेन गुरुजी म्हणजे हायस्कुलातून निवृत्त झालेले विज्ञानाचे मास्तर, आमचे म्होरके. कटरेभाऊ राईस मिलवाले. मडावी वनरक्षक, मूळ गाव चिचगड. आणि मी, प्राथमिक शाळेतली शिक्षिका, गुरुजींचीच जुनी विद्यार्थिनी. दोन हजार सालानंतरची ती काही वर्षं, गोंदियात तेव्हा घरोघरी फिश टँकचं खूळ आलं होतं. आम्हा चौघांना मात्र एकाच माशानं वेड लावलं, फायटर! अंगठ्याएवढा जीव, पण पर असे की शालूचा पदर. आणि माज केवढा! दुसरा नर दिसला की गाल फुगवून मारामारीच. म्हणून प्रत्येक माशाची काचपेटी वेगळी.

आता पेटी धुणं एकट्यानंही होतं म्हणा. पण धानाच्या रोवणीच्या दिवसांत आमच्याकडे सावड करतात, आज सगळे तुझ्या बांधीत, म्हणजे शेतात, उद्या सगळे माझ्या. तशीच आमची रविवारी पेट्यांची सावड असे. कोणी नळी लावून तळचा गाळ ओढायचा, कोणी वाळू धुवायची, कोणी रात्रभर उघडं ठेवलेलं शिळं पाणी आणायचं. मासा उचलायचं काम मात्र गुरुजींचं.

आणि काय उचलायचे! दोन्ही हात त्याच पाण्यात भिजवायचे, पाण्याखाली ओंजळ करायची आणि थांबायचं. मासा आपसूक वर तरंगत आला की पाण्यासकट ओंजळ उचलून शेजारच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, सोडायची. मधे थेंब सांडत नसे. अख्ख्या जिल्ह्यात असा हात दुसरा नव्हता, हे मी छातीठोक सांगते!

पुढं त्याच हातांना कंप सुटला. गुरुजींना दुखण्याचं काही वाटलं नाही. काळजी एकच, आपला ठाणेदार आता आपल्याला उचलता येईल का? ठाणेदार म्हणजे त्यांचा निळाशार फायटर. पण क्रमानं सांगते.

* * *

बाजारात राजूभाईचं माशांचं दुकान. माणूस हिंदीच बोलायचा. गुरुजींनी पहिली पेटी घेतली तेव्हा त्यानं सोबत एक जाळी फुकट दिली. गुरुजींनी ती बोटांवर घासून पाहिली आणि काउंटरवर परत ठेवली.

"अरे गुरुजी, फ्री है!"

"असू दे. याच्यात पर अडकला की फाटलाच."

"फिर मछली पकडोगे कैसे?"

"पकडाची कायले? उचलून घेतो आम्ही!"

राजूभाई तेव्हा पोट धरून हसला. पुढं वर्षभरानं एक बाई फाटक्या परांचा फायटर पिशवीत घेऊन त्याच्या दुकानात भांडायला आल्या. आम्ही तिथंच उभे होतो. राजूभाईनं हात जोडले आणि म्हणाला, "मैडम, मछली मैं बेचता हूँ. हाथ लगाना सीखना हो तो गुरुजी के आँगन में जाइए!"

त्या बाई खरंच आल्या. पुढं कितीतरी लोक आले. गुरुजी प्रत्येकाला पहिला प्रश्न विचारत, "साबण लावून हात धुतले का?" समोरचा अभिमानानं "हो" म्हणाला की त्याला घरी परत पाठवत. साबणाचा हात पाण्यात गेला की मासा आजारीच!

* * *

कटरेभाऊंची सगळी जिंदगी मिलमध्ये गेली. मळकट धान आत, पांढराशुभ्र तांदूळ बाहेर. पेटीचंही त्यांनी तेच केलं. त्यांच्या घरच्या पहिल्या सावडीला आम्ही पोचायच्या आधीच भाऊंनी भांड्यांच्या पावडरीनं काच घासली, वाळू उकळली, सजावटीचं झाड ब्रशनं घासलं आणि नळाचं ताजं पाणी काठोकाठ भरलं. पेटी अशी लखलखत होती की आरसा बाजूला ठेवून भांग पाडावा! मासा तेवढा गंजात ठेवून भाऊ आमची वाट पाहत दारात उभे.

गुरुजींनी पेटीजवळ नाक नेलं. पावडरीचा वास, वर नळाच्या पाण्याचा औषधी वास.

"कटरे, सगळंच्या सगळं पाणी बदललं?"

"एक थेंब जुना नाही ठेवला, गुरुजी!"

"मंग आता मासाच काऊन बाकी ठेवला? त्यालेही पॉलिश मारून घ्या!"

पेटी पुन्हा नुसत्या पाण्यानं खंगाळली, पाणी भरून उघडं ठेवलं आणि मासा दुसऱ्या दिवसापर्यंत गंजातच राहिला. घरातला मोठा गंज तोच. कटरेवहिनींनी त्या दिवशी कुकर तसाच पानावर आणला आणि म्हणाल्या, "वाढून घ्या. गंजात पाहुणे उतरले हायत."

* * *

मडावीचा रुबाब वेगळा. जंगलात पंजाचा ठसा पाहून वाघ कुठं गेला ते सांगणारा माणूस. वस्तीत अजगर निघाला की लोक त्यालाच बोलावतात आणि हा बाप्पा चहा संपवून सावकाश जातो. त्याला पहिल्यांदा ओंजळ करायला लावली तेव्हा आम्ही निर्धास्त होतो.

फायटर ओंजळीत आला. पर जरासे हलले. आणि मडावी असा किंचाळला की शेजारचे धावत आले! मासा पाण्यातच होता, तो सुखरूप खाली गेला. मडावी मात्र दाराशी जाऊन उभा.

कटरेभाऊ म्हणाले, "काय गा, अजगर धरतोस ना तू?"

"भाऊ, अजगर गुदगुल्या नाही करत!"

पण गडी जिद्दीचा. नाक्यावर ड्यूटीला बसला की बादलीत पळसाचं पान टाकायचा आणि ते ओंजळीत घेऊन सोडत बसायचा. साहेब तपासणीला आले तरी ओंजळ चालूच. शेवटी गुरुजींच्या खालोखाल हात त्याचाच बसला. गुरुजी त्याची ओळख करून देताना वनरक्षक म्हणत नसत. "हा माझा मडावी," एवढंच म्हणत, आणि मडावीची मान ताठ होई.

* * *

आता माझ्या घरचं. माझे फायटर दोन, म्हणून धुताना गंजही दोन लागायचे. माझ्या सासूबाईंना भांडी अडवलेली खपत नसत. मी नळी धरून बसले होते. त्यांनी मागच्या मागं एका गंजातला मासा दुसऱ्यात ओतला आणि रिकामा गंज घेऊन निघाल्या.

"आई, हे काय केलंत?"

"काय झालं? तू अन् तुही जाऊ इतक्या वर्सापासून एका चुलीवर रांधता. हे दोन बोटभर जीव एका गंजात नाही मावत?"

तोवर गंजात युद्ध पेटलं होतं. पाणी उडत होतं. गुरुजींनी एका झटक्यात ओंजळ घातली आणि माझा तांबडा बरोबर वर काढला. एका पराची कड तेवढी गेली, ती पुढं भरून आली. सासूबाई गंजात वाकून बराच वेळ पाहत राहिल्या.

मग कधीतरी भीत भीत मी वेगळ्या चुलीचा विषय काढला. वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. सासूबाई उठल्या, फळीवरचा गंज काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "घे बाई, आपापला गंज!"

* * *

फायटर उडी मारतो. गंजावर झाकण ठेवायला विसरलं की मासा फरशीवर. कटरेभाऊंनी यावर अक्कल चालवली. गंजाऐवजी गडवा! आमचा गडवा म्हणजे तांब्या. गळा अरुंद, उडी मारणार कुठून? गुरुजींनी नाक मुरडलं, पण थोड्या वेळापुरतं चालेल म्हणाले.

आता आमच्याकडे पाहुणा अंगणात आला की आधी पाय धुवायला गडवाभर पाणी देतात. त्याशिवाय तो उंबरा ओलांडत नाही. त्या रविवारी सावड कटरेभाऊंकडे होती आणि त्यांच्या बहिणीला, सुषमाला, पाहायला नवेगाव बांधकडचे पाहुणे यायचे होते. दुपारी येणार होते ते सकाळीच टपकले! घरात धावपळ. भाऊंच्या आईंनी समोर दिसला तो भरला गडवा उचलला आणि मुलाच्या वडिलांच्या हातात दिला.

आम्ही खिडकीतून पाहतोय. ओरडावं तर पाहुणे, न ओरडावं तर मासा! त्यांनी उजवा पाय धुतला. डाव्या पायावर धार धरली आणि धारेसोबत कटरेभाऊंचा लाल फायटर बाहेर!

माणूस तलावाकाठचा. त्यांनी गडवा सोडला नाही की आरडाओरडा केला नाही. वाकून ओल्या तळहातावर मासा वरचेवर झेलला, गडव्यातल्या उरल्या पाण्यात सोडला, गडवा खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "डावा पाय धुवाचा रायला. दुसरं पाणी असन तर द्या."

पोहे झाले, बोलणी झाली. पाहुणे गेल्यावर घरात खल सुरू झाला. मुलाची नोकरी कायम नाही, गाव लांब. कोणीतरी म्हणालं, सुषमाला विचारा. ती म्हणाली, "पोराचं मले मालूम नाही. पण ज्यानं मासोळी खाली पडू नाही देली, तो सासरा मले पडू देईन का?"

आज तिच्या घरी मोठी पेटी आहे. सासरेबुवा स्वतः धुतात.

* * *

त्यानंतरच्या हिवाळ्यात माझ्याकडे सावड होती. गुरुजींनी मासा उचलून गंजात सोडला, नेहमीसारखा. पण पेटीपासून गंजापर्यंत फरशीवर थेंब पडले होते. आम्ही तिघांनीही पाहिले. मी गुपचूप फडकं टाकलं.

"मास्तरीण, पुसू नको," गुरुजी म्हणाले. "सांडलं ते सांडलं."

ज्या माणसाच्या हाताचे आम्ही गावभर पवाडे गायचो, त्याला स्वतःच्या हाताकडं असं पाहताना मी कधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या वेळी कटरेभाऊंनी सांभाळून घेतलं. "गुरुजी, हात मडावी घालन. तुम्ही फक्त बसून सांगा."

"मी काय आकाशवाणी हाये?"

हसलो सगळे. पण त्यानंतर गुरुजींनी आमच्या घरी सावडीला येणं सोडलं. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, कंप काही जाईना. कपातला चहा बशीत आणि बशीतला शर्टावर. एक दिवस काकूंचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, फोन आला. "बाई, बरणी घेऊन ये. ठाणेदार तुले द्याचा म्हणते. दोन दिवसांपासून पेटीकडं पाठ करून बसून हायेत."

* * *

मी मोठी काचेची बरणी घेतली. कटरेभाऊ आणि मडावीही आले. पेटीतलं पाणी गढूळ झालं होतं. ठाणेदार कोपऱ्यात, पानाआड. गुरुजी खुर्चीत, हात मांडीखाली दाबून बसलेले.

"मडावी, तू उचल," एवढंच म्हणाले.

मडावीनं हात भिजवले, ओंजळ केली, थांबला. ठाणेदार हलेना. बराच वेळ गेला. कटरेभाऊंनी करून पाहिलं, मी करून पाहिलं. गुरुजींनी शिकवल्याप्रमाणे आम्ही दगडासारखे स्थिर हात धरून बसलो आणि तो पानाआडून आमच्याकडं ढुंकूनही बघेना. पाठलाग करायचा नाही, हे गुरुजींचंच शिकवणं. करणार काय?

गुरुजी उठले.

काकू म्हणाल्या, "अवो, राहू द्या ना."

"शेवटचा उचलतो. मंग नेऊ दे तिले."

त्यांनी दोन्ही हात पाण्यात घातले. हात थरथरत होते, पाणी काठाकाठानं हिंदकळत होतं. ओंजळ जुळेना. बोटं एकमेकांवर आपटत होती. मडावीनं तोंड फिरवलं. मला वाटलं, हे आपण पाहायला यायलाच नको होतं.

आणि ठाणेदार बाहेर आला! गाल फुगवलेले, पर ताठ, जणू आपल्या हद्दीत कोण दंगा करतंय ते बघायला निघालेला. तो थेट त्या हलत्या बोटांवर चालून गेला. गुरुजींनी हात मागं घेतला, तो मागं आला. हात वळवला, तो वळला. गुरुजी जरा थांबले. मग डावा हात बाहेर काढून त्यांनी गंज उचलला आणि पेटीत आडवा बुडवला. उजव्या हाताचं थरथरतं बोट माशाच्या तोंडाशी नेलं, मग गंजाच्या आत. ठाणेदार बोटामागं तरातरा गंजात शिरला.

गंज सरळ झाला. मडावीनं तो खालून धरला, बाहेर काढला. जाळी नाही, ओंजळ नाही, पराला धक्का नाही!

गुरुजींनी पंच्याला हात पुसले, तेही थरथरतच. मग आम्हा तिघांच्या हातांकडं एकेक करून पाहिलं, पेपर तपासताना पाहायचे तसं.

"तुमचे हात लयच स्थिर हायेत गा," ते म्हणाले. "जरा थरथराले शिका!"

काकूंनी डोळ्याला पदर लावला, नाक ओढलं आणि माझ्याकडं वळल्या.

"बरणी आणलीच हायेस तर ठेवून जा. लोणच्याले कामी येईन."