वसंताची पायपेटी

वसंता गेला त्या सकाळी मी गालाला साबण लावून बसलो होतो. भिंतीपलीकडून शांतावहिनींनी हाक मारली, "भाऊजी, या लवकर. ते गेले." मारेगावात जन्मभर बाजाच्या पेट्या दुरुस्त करणारा माझा मित्र गेला, आणि अर्ध्या दाढीनिशी धावताना माझ्या मनात पहिलं काय यावं? पाच पट्ट्या राहिल्या... लाज वाटते, पण तेच आलं.

त्याचं असं झालं. तरुणपणी आमची दंडार, म्हणजे नाच-गाण्याचा, सोंगांचा खेळ, जत्राजत्रांतून रंगायची. वसंता पायपेटी वाजवायचा. पायानं भाता, दोन्ही हात सुरांवर. खर्ज असा, की चहाच्या दुकानातली माणसं कप हातात घेऊन मांडवाकडे यायची. मी लुगडं नेसून बाईचं सोंग घ्यायचो. गळा पातळ आणि डोक्यात हवा! "पेटीचे सूर वर चढव, नाहीतर दुसरा गाणारा पाह्य," असं मीच म्हणालो. त्यानं आतल्या पितळी पट्ट्यांची टोकं कानसीनं घासून एकेक सूर वर नेला. मोटारसायकलवर नेता यावी म्हणून पायभाता काढून हातभाता बसवला. माझं गाणं गाजलं. पेटी मात्र किरकिरायला लागली. घासलेलं पितळ परत येत नाही, हे त्याला ठाऊक होतं. तरी मित्रापायी केलं. आणि मी? मी वन्समोअर घेत बसलो.

गेल्या दिवाळीत वसंताच्या दुखण्यापुढे डॉक्टरांनी हात टेकले, तसा हा उठला आणि फळीवरची पेटी खाली काढली.

"गजा, इले पहिल्यासारखी करून राह्यलो."

"आता कायले? तुहे हात पाह्य, कसे थरथरून राह्यले."

"मंग चिमटा तू धर. तुह्यासाठीच बिघडवली ना?"

बोलणं असं, थेट काळजात. सुताराकडून पायभाता परत बसवून घेतला. मग घासलेल्या टोकावर कथलाचा बारीकसा थेंब डागायचा, म्हणजे वजनानं सूर खाली येतो. थेंब जास्त पडला की पट्टी मुकी. खरवडा, पुन्हा डागा. दिवसाला एक पट्टी. ताप असला तरी एक. "नागपुरातून नव्या पट्ट्याच आणू," म्हटलं, तर म्हणे, "दुसऱ्याचे दात लावून हासत नाही मी." स्वतःच्या तोंडात कवळी होती, ते विसरला असावा.

तेरवी झाली आणि मी त्याच्या खोलीत जाऊन बसलो. राहिलेल्या पाच माझ्या. माझ्यामुळे गेलेला आवाज माझ्याच हातानं पुरा व्हायला हवा होता. पाच दिवसांचं काम तीन आठवडे चाललं, बोटं भाजली, पण सोडलं नाही. काल शेवटची पट्टी बसवली, पायानं भाता मारला आणि आमच्या दंडारीतलं गाणं धरलं. वयानं माझाही गळा खाली उतरलाय. किती वर्षांनी आम्ही दोघं एका सुरात आलो... मी रडलोच.

आतून, तव्यावरची भाकर उलटता उलटता वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, शेवटची बेसूर हाये. ते असते त उठू देलं नसतं तुमाले."

मी डोळे पुसले आणि पट्टी पुन्हा बाहेर काढली.