दाजींचं पथ्य

दाजी गेले त्या सकाळी मी कचेरीत होतो. साहेबांच्या खोलीत फोन वाजला आणि शिपाई म्हणाला, "तुमचा आहे, कॅम्पातून." दाजींच्या शेजारचे किराणावाले बोलत होते. दुकानाच्या फळ्या काढता काढता दाजी जरा टेकले, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत… एवढंच. मी फोन ठेवला. आता खरंच लिहायचं ठरवलंय तर सांगतो, त्या क्षणी मला रडू आलं नाही. डोळ्यांसमोर आली ती एक वाटी. वाटीत पिवळसर गरम पाणी, त्यावर चकाकणारे बारीक थेंब आणि ती दोन्ही हातांत धरून फुंकर घालणारे दाजी. 'हे तुझ्यामुळे' असं कुणी म्हणालं नाही. म्हणणार तरी कोण? ते मला एकट्यालाच माहीत होतं. म्हणजे दाजींनाही होतं, पण ते आता नव्हते.

याला दीड महिना झाला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. देवळाली कॅम्पात बाजाराच्या टोकाला त्यांचं शिंप्याचं दुकान. गिऱ्हाईक बहुतेक फौजी. जवानाच्या कमरेभोवती टेप फिरवली की दाजी त्याची गंमत करायचे, "क्या साब, ये मेस का खाना है या बीवी आ गई है?" जवान लाजायचा, दाजी मान मागे टाकून हसायचे. उंच, भरदार माणूस. खाण्यावर मनापासून प्रेम. चांगलं जेवण झालं की स्वयंपाक करणारीला मोठ्यानं नावानिशी दाद द्यायचे, मग ती सासू असो की माझी बायको.

आमच्या घरात जावयाचं जेवण म्हणजे मटण. जावई आला आणि त्याच्या ताटात वरण-भात पडला, तर चार घरांत चर्चा व्हायची. वडील होते तोवर दाजी दर रविवारी अक्काला घेऊन आमच्याकडे नाशकात यायचे. वडील गेल्यावर मी कर्ता झालो आणि ती रीत उलटी फिरली. रविवारी सकाळी मी ओळखीच्या खाटकाकडून मटण घ्यायचो, पिशवी सायकलला अडकवायची आणि थेट कॅम्प गाठायचा. अक्का काळ्या मसाल्याचा रस्सा करायची. मसाला पडायच्या आधी पातेल्यातलं अळणी पाणी पोरांसाठी काढून ठेवायची. नावालाच अळणी; हळद, आलं, लसूण, मीठ आणि शिजलेल्या मटणाचा सगळा कस त्या पाण्यात. आमच्याकडे पोरांना, बाळंतिणीला, तापातून उठलेल्याला हेच द्यायचं. ते कुणी मटणात धरतच नव्हतं. ते औषध.

शहात्तरच्या थंडीत दाजींना पहिला झटका आला. वय पन्नास. दहा-बारा दिवस दवाखान्यात होते. सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी मला खोलीत बोलावलं, कारण घरात नोकरी करणारा, शिकलेला मी. बिडी बंद, तळलेलं बंद, मटण बंद. "मटण अजिबात नाही, समजलं ना?" मी मान हलवली. बाहेर बाकावर अक्का बसली होती. मी सांगायला लागलो तशी तिचा चेहरा उतरला. "पार वाळून गेलेत रे बापू ते. आता अंगात ताकद कशानं यायची? निदान अळणी तरी?" दाराआडून दाजी माझ्याकडे बघत होते. एवढा मोठा माणूस, पण डोळे शाळेतल्या पोरासारखे झालेले. आणि मी म्हणालो, "फोडी नाही चालायच्या. अळणी चालेल, म्हणालेत डॉक्टर."

डॉक्टर असं म्हणाले नव्हते. मी विचारलंच नव्हतं. परत आत जाऊन विचारणं दहा पावलांचं काम होतं, पण मला वाटलं, यात विचारायचं काय? अळणी म्हणजे आजाऱ्याचंच खाणं. माझ्या तोंडून 'डॉक्टर म्हणालेत' हे दोन शब्द किती सहज गेले, याचं मला आजही नवल वाटतं.

मग चार वर्षं ते चाललं, अगदी आनंदात चाललं. रविवारी माझी पिशवी जायची. बाकीचे रस्सा-भाकरी खायचे आणि दाजींच्या पुढ्यात अक्का अळणीची मोठी वाटी ठेवायची. कधी बोकडाच्या पायांचं पाणी, कारण त्यानं जास्त ताकद येते. दाजी वाटी दोन्ही हातांत धरून म्हणायचे, "आण बाबा माझं पथ्य." दुकानात येईल त्याला सांगायचे, "हमने मटण छोड दिया साब, डॉक्टर का हुकूम." आणि अक्का… ते पाणी करताना अक्काच्या चेहऱ्यावर जे समाधान असायचं ते मी कसं सांगू? नवऱ्याला आपण ओढून परत आणलंय, आणि दर रविवारी थोडं थोडं ओढतोय, असं काहीतरी.

ऐंशीच्या आसपास मला स्वतःलाच छातीत जळजळ व्हायला लागली. आमच्या गल्लीत एक तरुण डॉक्टर नव्यानं आले होते. तपासून ते म्हणाले, ॲसिडिटी आहे, काळजी नको. बोलता बोलता मी दाजींचा विषय काढला. आमच्या दाजींनी कसं कडक पथ्य पाळलंय, फक्त अळणी घेतात, असं जरा अभिमानानंच सांगितलं. डॉक्टरांनी लिहिता लिहिता मान वर केली. "अहो, चरबी सगळी त्या पाण्यातच उतरते. घरी एकदा गार करून बघा."

बघितलं. जानेवारीची थंडी होती. बायकोला सांगून वाटीभर अळणी खिडकीत ठेवली. सकाळी वाटीवर पांढरट-पिवळा थर धरला होता, मेणासारखा. चमच्यानं टोचला तर तुकडा निघाला. तो तुकडा हातात घेऊन मी किती तरी वेळ खिडकीशी उभा होतो. बायकोनं विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही.

आणि पुढच्या रविवारी मी पिशवी घेऊन कॅम्पात गेलो. हे लिहायचं म्हणूनच हा लेख लिहायला बसलोय. चार वर्षं मी अजाण होतो, त्याची लाज वाटते, पण ती पेलते. त्यानंतरचं दीड वर्ष मला माहीत होतं. तरी दर रविवारी मी मटण नेलं, अक्कानं पाणी काढलं आणि दाजी ते माझ्यासमोर प्यायले. का? अक्काला 'डॉक्टर असं म्हणालेच नव्हते' हे सांगायची हिंमत नव्हती. आणि रिकाम्या हातानं बहिणीच्या दारात जायचं, तर जायचं कशाला, हेही कळत नव्हतं. प्रत्येक रविवारी वाटायचं, आज सांगू. मग दाजी वाटीला फुंकर घालायचे आणि मी भाकरी मोडायला लागायचो.

शेवटी सांगितलं ते दुकानात, दुपारी. दाजी एका हवालदाराच्या सदऱ्याला काजं करत होते. मी एका दमात सगळं बोललो. डॉक्टर, बाक, खिडकीतली वाटी, दीड वर्ष. त्यांची सुई थांबली. "म्हणजे इतकी वर्षं मी मटणच खात होतो?"

"हो दाजी."

"आणि मला वाटत होतं, मी पथ्यावर आहे!" मग एकदम कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे गाढवा, मग फोडी तरी खाऊ द्यायच्या होत्यास ना!"

आणि हसायला लागले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. मला मात्र हसू येईना. ते बघून गंभीर झाले. सुईत परत दोरा ओवला आणि म्हणाले, "हे बघ बापू. मी आजपासून सोडलं. पण तुझ्या अक्काला यातलं काही कळता कामा नये. तिनं हातानं केलंय ते. कळलं तर जितेपणी मरंल ती."

"मग सोडलं कशासाठी, ते काय सांगणार?"

दाजींनी थोडा विचार केला. "नवस बोललोय म्हणतो. गडावरच्या देवीला. सुमनचं लग्न जमेपर्यंत मटण नाही, त्याचं पाणीही नाही." सुमन त्यांची एकुलती एक लेक, तेव्हा लग्नाची. अक्कानं हे ऐकलं आणि तिला भरून आलं. ज्या माणसानं आयुष्यात देवीपुढे नारळाखेरीज काही ठेवलं नव्हतं, त्यानं लेकीसाठी जीभ आवळली! ती शेजारणींनाही सांगून आली.

पंचाईत अशी झाली की लग्न तीन महिन्यांत जमलं. नामपूरचं स्थळ, मुलगा शिक्षक, माणसं सज्जन. मांडव उतरला त्याच्या पुढच्याच रविवारी अक्कानं मोठं पातेलं चढवलं. दाजींच्या पुढे वाटी ठेवून म्हणाली, "घ्या. नवस फिटला." दाजींनी माझ्याकडे बघितलं. मी ताटाकडे बघितलं. दाजी घसा खाकरून म्हणाले, "तसं नाय. मी पुढचंही बोललोय. नातवंडाचं तोंड बघेपर्यंत." दीड वर्षात नात झाली. मग नात चालायला लागेपर्यंत. ती चालायला लागली, मग शाळेत जाईपर्यंत. तेव्हा मात्र अक्का वैतागली. "अहो, त्या देवीला दुसरी काही कामं हायेत का नाय?"

"तिनं ऐकलंय ना आजवर? मग तुझं काय जातंय?"

"माझं काय जायचंय? वाळा तुम्ही भेंडीवर!"

पण दाजी भेंडीवर वाळले नाहीत, खुलले. स्वतःच्या पँटी स्वतःच दोनदा कमरेत आवळून घेतल्या. जिना चढताना लागणारी धाप कमी झाली. माझ्या रविवारच्या पिशवीत आता पेरू असायचे, नाहीतर द्राक्षं. आणि जेवणाआधी आम्ही दोघं चालायला जायचो, घरापासून रेल्वेच्या फाटकापर्यंत. फाटकाशी पोचलं की दाजी खांबाला हात लावायचे, "झाली ड्युटी" म्हणायचे आणि मागे वळायचे. वाटेत आम्ही अळणीचा विषय कधी काढला नाही. एकदाच, नातीच्या बारशानंतर, ते आपणहून म्हणाले, "बापू, तू सांगितलंस ते बरं केलंस. उशिरा सांगितलंस, पण सांगितलंस." पाच वर्षांत तेवढंच. ती पाच वर्षं फार चांगली गेली. त्यांची, आणि माझीही.

ते गेल्यावर मी त्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेलो आणि सरळ विचारलं. आधीची साडेपाच वर्षं ते पाणी पोटात गेलं नसतं, तर माणूस आणखी जगला असता का? डॉक्टर म्हणाले, कुणालाच सांगता येणार नाही, बिडीही होतीच की इतकी वर्षं. पण 'नाही' असं काही ते म्हणाले नाहीत.

तेराव्यानंतर मी अक्काला सांगितलं. दाजींनी नको म्हटलं होतं, तरी सांगितलं. दाजी होते तोवर ते ओझं आम्हा दोघांचं होतं. आता ते एकट्यानं वागवायचं आणि तिच्यासमोर बसून तिच्या हातचा चहा प्यायचा, हे मला जमेना. ती मेथी निवडत होती.

"डॉक्टर तसं म्हणालेच नव्हते?"

"नाही."

"मग कोण म्हणालं?"

"मी."

ती निवडत राहिली. मग म्हणाली, "आणि नवस?"

"तोही नव्हता, अक्का."

मेथी तशीच टाकून ती आत गेली. बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. "बोलले नसतील," ती म्हणाली, "पण पाळला तर ना? पाच वर्षं पाळला. मग तो खराच." आणि मग माझ्याकडे वळून, "तुझा मात्र मला राग आलाय बापू. लय आलाय. तो जायचा तवा जाईल. तू येत जा." मी विचारलं, हे लिहू का? म्हणाली, "लिही. पण अळणी मी करत होते, तेबी लिही. सगळं तुझ्या एकट्याच्या नावावर नको."

पुढच्या रविवारी भीतभीतच गेलो. जेवणात भेंडीच होती. वाढता वाढता तिनं विचारलं, "तुझं वय किती रे आता?"

"अठ्ठेचाळीस."

"घरी मटण खातोस?"

"रविवारी… आणि मधे एखाद्या वारी."

"सोड."

मी हसून म्हटलं, "कशासाठी नवस बोलू?"

अक्का हसली नाही. ताटात भाकरी टाकत म्हणाली, "कशासाठी काय? माझ्यासाठी. मला आता इथं तू एवढाच उरलास."

सोडलंय. आणि आता अक्काच माझ्याबरोबर चालायला येते. जन्मात कधी नवऱ्याबरोबर फिरायला गेली नाही, बाजाराला जातानाही चार पावलं मागून चालायची. आता पुढे असते, पदर खोचून, वहाणा फटफट वाजवत, आणि मला म्हणते, "पाय उचल जरा." परवा फाटकाशी पोचल्यावर मी खांबाला हात लावला आणि सवयीनं वळलो. दाजी इथूनच परत फिरायचे, हे मी तिला सांगितलं. तिनं खांबाकडे बघितलं, त्यावर हात टेकवला…

मग फाटक ओलांडून पलीकडे चालायला लागली.