जैसलमेरच्या मोराचं डोकं

मी चौथी पास आहे. पाचवीत आठ दिवस बसलो, मास्तरांनी कानफटवलं, मी परत गेलो नाही. तेव्हा शुद्धलेखनाचं मला सांगू नका. जे लिहितोय ते एका कामासाठी लिहितोय.

माझ्याकडे जैसलमेरच्या एका घराच्या मोराचं डोकं आहे. पिवळ्या दगडाचं, मुठीएवढं, चोच आणि तुऱ्यासकट. ते मी तोडलं. ते परत जागेवर जायला हवं, आणि माझ्याच्याने आता जाववत नाही.

मी उभी हयात गोरेगावला स्टुडिओत मोल्डिंगचं काम केलं. पिक्चरमध्ये तुम्ही देऊळ बघता, राजवाडा बघता, ते पीओपीचं असतं आणि आमच्या साच्यातून निघतं. बापाचा कुडाळकडे गणपतीचा कारखाना होता, हात तिथे बसला. गोरेगावात माझ्यासारखा साचा काढणारा दुसरा नव्हता. हे मी आजही बोलतो. ज्यांना पटत नव्हतं ते मेले.

एका पिक्चरला वाळवंटातलं अख्खं शहर उभं करायचं होतं. आर्ट डायरेक्टर म्हणाला, फोटोवरून नको, खऱ्या नक्षीचे साचे घेऊन ये. मला पाठवलं. माझा मुलगा तेव्हा पहिलीत होता. आता तो मरोळला सुपरवायझर आहे आणि केसांना रंग लावतो.

मी खाऱ्या वाऱ्यातला माणूस. ते गाव पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, कोणीतरी आपल्या आधीच सेट लावून ठेवलाय. किल्ला पिवळा, घरं पिवळी, गुरांना पाणी पाजायची डोणीसुद्धा पिवळी. किल्ल्याच्या आत माणसं राहतात, दोऱ्या बांधून कपडे वाळत घालतात, अगदी आमच्या जोगेश्वरीच्या चाळीसारखे. भिंतीत दगडावर दगड बसवलाय तो खाचेत खाच अडकवून. चुना नाही, काही नाही. मी फटीत नख घालून बघितलं, शिरेना. कोणाच्या कामाला मी सहज चांगलं म्हणत नाही. तिथे म्हटलं.

आणि तिथली माणसं घरात बसतच नाहीत. दुपारचं ऊन टाळायला आत, बाकी सगळा संसार उघड्यावर. ओट्यांवर म्हातारे कवड्या टाकून खेळतात, बायका शेंगा वाळत घालतात, संध्याकाळी सगळं गाव तलावाकडे चालत सुटतं. तलावात मिशीवाले मासे, हे एवढे. लोक त्यांना कणकेचे गोळे टाकतात. मी सहज विचारलं, तुम्ही हे खात नाही का? तर सगळे असे बघायला लागले जणू मी त्यांच्या पोराचा भाव विचारला.

ज्या घराचं दार साच्यासाठी ठरलं होतं तिथे एक म्हातारी एकटीच राहायची. मुलं कलकत्त्याला. मला ती बीरा म्हणायची, म्हणजे भाऊ. मी तिला माजी म्हणायचो. पहिल्याच दिवशी तिने मला धरलं.

"मुंबईचा ना तू? तुझ्या मुंबईनं आमचं गाव खाल्लं."

"मी काय केलं माजी?"

"या दारावरून उंटांचे तांडे जायचे. पार सिंधपर्यंत. मग तुमच्याकडे जहाजं लागली. माल समुद्रानं गेला, माणसं मालाच्या मागनं गेली. राहिलो कोण, तर मी आणि ही कबुतरं. चहा घे."

तिच्या दाराच्या चौकटीला दोन बाजूंना दोन दगडी मोर. उजव्या मोराचं डोकं बाकीच्या नक्षीपेक्षा काळसर, गुळगुळीत झालेलं. का, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आमचं काम असं असतं. नक्षीला आधी साबण-तेलाचा हात द्यायचा, म्हणजे प्लास्टर धरत नाही. मग प्लास्टर थापायचं, मध्ये काथ्या घालायचा, घट्ट झालं की ठोकून सोडवायचं. मुंबईच्या दमट हवेत साबण-तेलाचा एक हात पुरतो. मी तिथेही एकच दिला. म्हातारी तांब्या घेऊन बाहेर आली.

"बीरा, इथला दगड तहानलेला असतो. आमचे कारागीर त्याला आधी पाणी पाजतात. तीनदा. मग हात लावतात."

त्या दिवशी गल्लीत पाणी आलेलं नव्हतं. तांब्यातलं पाणी तिने स्वतःच्या माठातलं काढलं होतं, ते मी डोळ्यांनी बघितलं होतं.

"माजी," मी म्हणालो, "मी गणपतीच्या कारखान्यात जन्मलो. मला दगड शिकवू नका. पाणी प्यायला ठेवा."

ती हसली. तांब्या माझ्याजवळच ठेवून तलावावरच्या देवळात निघून गेली.

दगड साबण प्यायला, तेल प्यायला, आणि मग प्लास्टरमधलं पाणी प्यायला लागला. माझा हिशेब अर्ध्या तासाचा, पाच-सात मिनिटांत साचा असा आवळला की हलेना. मी ठोकलं. आणखी ठोकलं. सुटला तेव्हा आतून सुपारी फुटल्यासारखा आवाज आला. मोराचं डोकं साच्यात राहिलं होतं. तांब्या शेजारी भरलेला तसाच.

डोकं काढायचं तर साचा फोडायला हवा. साचा फोडला तर गोरेगावला काय तोंड दाखवू? मी साचा ठेवला. पडलेली दगडाची भुकटी गोळा केली, प्लास्टरमध्ये घातली, चहाच्या पाण्याने रंग आणला आणि म्हातारी यायच्या आत हाताने दुसरं डोकं घडवून मानेवर बसवलं. मलाच ओळखू येईना. त्या वेळी लाज वाटली असं लिहिलं तर खोटं होईल. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

निघायच्या दिवशी म्हातारीने माझ्या उजव्या हातावर पाणी घातलं.

"मोराच्या डोक्यावर ओला हात ठेव. या घरातला माणूस तांड्याबरोबर निघाला की असाच निघायचा. ओला हात ठेवून गेलेला परत येतो. माझी पोरंसुद्धा ठेवूनच गेलीत."

तेव्हा कळलं ते डोकं गुळगुळीत का होतं. आणि पीओपीवर पुन्हा पुन्हा ओला हात पडला तर काय होतं, ते माझ्यापेक्षा कोणाला जास्त कळणार? ती शिदोरी आणायला आत वळली तेवढ्यात मी हात पँटला खसाखसा पुसला, कोरडा केला आणि ठेवला. तिने बघितलं की नाही, मला माहीत नाही. शिदोरी हातात देऊन म्हणाली, "ये परत."

मी गेलो नाही.

गोरेगावात शहर उभं राहिलं. झकास झालं, सगळे म्हणाले. शूटिंग संपल्यावर तोडलं. मी तो साचा फोडून डोकं काढलं आणि जोगेश्वरीच्या खोलीत ट्रंकेत ठेवलं. दर वर्षी म्हणायचो, या दिवाळीनंतर जाऊ. काम होतं, पोरीचं लग्न होतं, पण खरं कारण तेही नव्हतं. त्या म्हातारीसमोर उभं राहून 'तुमचं खरं होतं' एवढं बोलायचं होतं, आणि ते माझ्या तोंडातून निघत नव्हतं. बायकोला सगळं माहीत होतं. ती म्हणायची, "ह्यो धोंडो उरार घेवन मरतल्यात काय?" ती गेली. चाळ पाडली, तिथेच टॉवर झाला, आम्ही चौदाव्या मजल्यावर आलो. धोंडा उरावरच आहे, वर छातीत प्लास्टरची धूळ. डॉक्टर म्हणतो फुप्फुसं आवळलीत. बाथरूमपर्यंत जाताना दोनदा भिंत धरतो.

मागच्या वर्षी मुलाला म्हटलं, तुझ्या मोबाईलवर जैसलमेर दिसतं का बघ. त्याने फिरायला गेलेल्या लोकांचे फोटो शोधून काढले. शंभर फोटोंमध्ये ते दार सापडलं. एक पोरगी गॉगल लावून चौकटीला टेकून उभी. उजव्या मोराला डोकं नाही. मानेवर पांढरा खुंट.

"बाबा, हेच का ते? अहो, जुनी बिल्डिंग, पडलं असेल."

"पडलं नाही. ओल्या हातांनी विरघळलं."

म्हणजे म्हातारीची पोरं येत होती, जात होती, आणि कधीतरी म्हातारीच्याच ओल्या बोटांना पांढरं लागलं असणार. तिने काय म्हटलं असेल? मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण ती शिव्या देणारी नव्हती.

मी कोणाला न सांगता तिकीट काढलं. डोकं टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातलं, रिक्षाने बोरिवलीला गेलो. ब्रिजच्या सतरा पायऱ्या चढलो, मोजल्या. अठराव्या पायरीला श्वासच येईना. बसलो. हमाल म्हणाला, "काका, पिशवी द्या, उचलून नेतो तुम्हाला." मी म्हणालो, हात लावू नकोस. गाडी खालून निघून गेली, मी वरून डबे बघत बसलो. त्याला हात दिला असता तर पोचलो असतो. तेही माझ्याकडून झालं नाही.

मुलगा न्यायला आला. मला रिक्षात बसवलं. मग भडकला.

"वाट लावलीत स्वतःची! एका दगडासाठी?"

"तू नेऊन दे मग."

"सुट्टी कुठेय बाबा? आणि तिथे ओळखणार कोण मला? म्हातारी काय जिवंत असणारेय?"

"दार आहे ना."

मी मेल्यावर तो ते डोकं टाकून देईल. वाईट मुलगा नाही, पण टाकेल.

म्हणून हे लिहिलं. तुमच्यातलं कोणी तिकडे फिरायला जाणार असेल तर माझ्याकडून ते घेऊन जा. किल्ल्याचा मोठा दरवाजा पाठीशी ठेवून तलावाकडे चालायचं, वाटेत अरुंद गल्लीत उजव्या हाताला ते दार लागतं. डोकं नसलेला मोर लगेच दिसेल. आत कोणी असेल त्याला सांगा, गोरेगावच्या मोल्डिंगवाल्याने पाठवलंय, म्हातारीचं खरं होतं. तिथलाच कारागीर बोलवा. आणि तो विसरला तर तुम्ही आठवण करा, मानेला आधी पाणी पाजायचं, तीनदा.

मी घरीच असतो. जागा झालो की आधी उशीखाली हात घालून डोकं चाचपतो. आज सकाळीही होतं.