गच्चीवरचे फेरे

बाबांची डावी बाजू लुळी पडली, तेव्हा मी पन्नास किलोमीटरच्या शर्यतीची तयारी करत होतो. बायकोची सकाळची शाळा असायची, म्हणून आर्वीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात बाबांजवळ मीच थांबायचो. रस्त्यावरचं पळणं सुटलं, मग मी गच्चीवर पळू लागलो. गच्ची जेमतेम वीस पावलांची. तिथे मी दोन-दोन तास फेरे मारायचो आणि शेजाऱ्यांना सांगायचो, बाबांना सोडून मी कुठेच जात नाही.

आधार दिला की बाबा संडासापर्यंत चालायचे. त्या सकाळी त्यांची हाक मला ऐकू आली. चांगली स्पष्ट आली. पण पायांना छान लय लागली होती. दहा मिनिटांत उतरतो, असं म्हणत मी पळत राहिलो. खाली आलो तर बाबा संडासाच्या दाराशी पडले होते. मांडीचं हाड मोडलं होतं.

दुपारी पुलगावहून बहीण दवाखान्यात आली. "तू घरीच होता ना? मंग बाबा एकटे काऊन उठले?" तिने मला विचारलं.

मी बोलायच्या आत बाबाच म्हणाले, "त्याले काऊन बोलून राह्यली? म्या हाकच नाई मारली."

मी औषधांची चिठ्ठी घेऊन खाली गेलो. बाबा पुन्हा कधी चालले नाहीत. मी शर्यतीला गेलो नाही. भावाने बापासाठी शर्यत सोडली, असं बहीण अजूनही कौतुकाने सांगते, आणि मी ते ऐकून घेतो.