खाचबाई

आमच्या बाईंना लग्नाला बोलवायचं म्हणजे धाडसाचं काम होतं. मांडवात शिरल्या की त्या नवरानवरीकडं बघायच्याच नाहीत. आधी वर, मांडवाच्या लोखंडी पाइपांच्या जोडांकडं बघायच्या. पंगतीत वाढपी वरणाचा डाव घेऊन आला की त्याचं मनगट धरायच्या, दांडा वाटीला जिथं जोडलेला असतो तिथं अंगठ्याचं नख फिरवायच्या आणि विचारायच्या, "इथं खाच आहे, कळलं का तुला?" वाढप्याला वाटायचं, बाईंना वरण हवंय. तो ओतायचा. नगरमधलं एकही मंगल कार्यालय असं नसेल, जिथं बाईंच्या साडीवर वरण सांडलेलं नाही.

तंत्रनिकेतनात त्या आम्हाला यंत्रशास्त्र शिकवायच्या. आम्ही पाठीमागं त्यांना खाचबाई म्हणायचो. त्यांच्या कानावर ते गेलं तेव्हा वर्गात येऊन म्हणाल्या, "नाव चांगलं आहे. निदान विषय तरी लक्षात राहिलाय तुमच्या."

पहिल्याच तासाला त्यांनी प्रत्येकाच्या हातात सेंट्रिंगच्या तारेचा तुकडा दिला आणि सांगितलं, "तोडा." आम्ही ताणून ताणून लालबुंद झालो. एकाचा शर्ट उसवला, तार तशीच. मग बाईंनी आपला तुकडा दोन बोटांत धरला, एकदा इकडं वाकवला, एकदा तिकडं, पुन्हा इकडं, पुन्हा तिकडं. गप्पा मारता मारता तुकड्याचे दोन तुकडे झाले. "ओझ्यानं नाही मरत लोखंड," त्या म्हणाल्या, "येरझाऱ्यांनी मरतं. रोजचंच ओझं, सहज पेलणारं. पण ये, जा, ये, जा. आणि तडा सुरू कुठून होतो? जिथं खाच असते तिथून." पुस्तकात याला भलंमोठं जडजंबाल नाव होतं. आम्ही परीक्षेतही येरझाऱ्याच लिहिलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, हे काय? बाई म्हणाल्या, "बरोबर उत्तर."

आता तात्यांचा किस्सा. तात्या म्हणजे माझे वडील. तिसगावच्या बाजारात त्यांची रसवंती होती. खंडेनवमीला सगळे लोक हत्यारांना हळदकुंकू लावतात. तात्यांचा भक्तिभाव तेवढ्यावर भागत नसे. ते छिन्नी-हातोडी घेऊन चरकाच्या दांड्यावर 'श्री' कोरायचे. दर वर्षी तोच श्री, आणखी थोडा खोल. एकदा भर उन्हाळ्यात, गिऱ्हाइकांची रांग लागलेली असताना दांडा कडकन मोडला. मी दोन्ही तुकडे पोत्यात घालून एसटीनं बाईंकडं नेले. त्यांनी ते बघितले आणि लहान मुलीसारख्या टाळ्या पिटल्या. त्याच रविवारी त्या तुकडे घेऊन तिसगावात हजर. चरकाला तोवर नवा दांडा बसला होता.

"तात्या, इथं श्री कोरला होता ना?"

"व्हय. देवाचं नाव हाय, बाई."

"देवाचं नाव कुंकवानं लिहा. बघा, बरोबर श्रीच्या खाचेतून मोडलाय. वेलांटी एका तुकड्यावर, बाकीचा देव दुसऱ्यावर."

तात्या तसे हार मानणारे नव्हते. "मंग आमच्या घरात समद्या भांड्यांवर नावं कोरल्याली हायेत. ती कशी न्हाई मोडत?"

"भांडं चरकासारखं फिरतंय का, तात्या? तुमचा तांब्या फिरायला लागला की मला बोलवा."

तात्या असे हसले की त्यांनी बाईंना रसाचे पैसे लावले नाहीत. आमच्या गावात यापेक्षा मोठा सन्मान नाही.

बाईंचे यजमान अण्णा कोर्टात नोकरीला होते. शांत, मिस्कील माणूस. बाईंनी सावेडीतल्या त्यांच्या घरातल्या प्रत्येक टेबलाचा, ओट्याचा, कपाटाचा कोपरा कानशीनं घासून गोल केला होता. अण्णा पाहुण्यांना सांगायचे, "आमच्या घरात आता टोकदार एवढी एकच वस्तू राहिली आहे," आणि बाईंकडं बोट दाखवायचे. मूलबाळ नव्हतं. दोघं एकमेकांना पुरून उरत होते.

बाई निवृत्त झाल्या आणि थोड्याच दिवसांत अण्णांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. डाव्या हाताच्या अंगठीनं ते पलंगाच्या गजावर टकटक करायचे. पाणी हवं, कूस बदलायची, संडासला लागली, सगळ्याला तीच टकटक. बाई उठायच्या. आम्ही जुने विद्यार्थी जाऊन-येऊन असायचो. माझं वर्कशॉप एमआयडीसीत, त्यामुळं माझी फेरी जास्त.

मग एके सकाळी बाईंच्या स्कूटरला कुत्रं आडवं आलं आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन करून डॉक्टरांनी आत धातूची पट्टी बसवली आणि बजावलं, हाड जुळेपर्यंत या पायावर भार टाकायचा नाही. मी भेटायला गेलो तर बाई मजेत. "बस, नाटक्या," त्या म्हणाल्या. मी गोष्टी रंगवून सांगायचो, म्हणून मला त्या याच नावानं हाक मारायच्या. "ही प्लेट म्हणजे धर्मशाळा रे. हाड जुळेपर्यंतच मुक्काम. एकीकडं हाड जुळतंय, दुसरीकडं प्लेट थकतेय. कोण आधी पोचतं ते बघायचं."

"मग तुम्ही उठायचंच नाही, बाई."

"ते मला शिकव आता."

अण्णांसाठी आम्ही एक बाई ठेवली, संगीता. चांगली, मायाळू. पण ती कपडे बदलायला आली की अण्णा डोळे घट्ट मिटायचे आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. तिच्या हातचा घास ते घेत नसत. आठवड्यानंतर मी गेलो तेव्हा संगीता नव्हती आणि बाईंचा वॉकर दारामागं घडी घालून ठेवलेला होता. तेवढ्यात आतून टकटक झाली. बाई भिंतीला धरून उठल्या आणि चालू लागल्या. ये, जा.

मी ओरडलो. पहिल्यांदाच बाईंवर ओरडलो. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं आणि दार लोटून घेतलं.

"दर पावलाला थोडं जातंय, माहीत आहे मला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण परक्या बाईसमोर रोज उघडं पडताना त्यांचंही थोडं थोडं जातंच की. त्यांना कुठं प्लेट बसवू?"

"हाड कुठवर आलंय?"

"डॉक्टर म्हणतात, अजून काही नाही."

आत गेलो तर अण्णांनी डाव्या हातानं बाईंच्या पायाकडं बोट केलं आणि भुवया उंचावल्या. बाई फाडकन म्हणाल्या, "जुळलं हो! डॉक्टर म्हणाले, आता पळा. तुम्ही खुशाल वाजवा तुमची अंगठी." आणि माझ्याकडं बघून डोळा मारला. अण्णांचा चेहरा सैल झाला. त्यांनी लगेच पाणी मागितलं, आणि बाई लगेच आणायला गेल्या.

पुढच्या महिन्यात प्लेट तुटली. बाई पडल्या नाहीत, काही उचललं नाही. ओट्यापासून चहाची कपबशी घेऊन फक्त वळल्या. दुसऱ्या ऑपरेशनला नेताना स्ट्रेचरवरून मला म्हणाल्या, "तुकडा फेकू देऊ नकोस. मला बघायचाय, कुठून सुरुवात झाली ते." ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी रक्ताची गाठ फुप्फुसात गेली आणि बाई गेल्या. तुकडा बघायचा राहूनच गेला.

अमरधाम स्मशानभूमीतून परत आलो तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. अण्णांना कोणीतरी उशीला टेकवून बसवलं होतं. मला बघताच त्यांनी गजावर टकटक केली. मी जवळ गेलो, कान त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांना शब्द जुळवायला फार वेळ लागला. लोक पाणी घेऊन पुढं आले, त्यांनी मान हलवून सगळ्यांना दूर केलं.

"हाड..." ते म्हणाले, "जुळलं... होतं ना?"

त्यांचा डावा हात माझ्या मनगटावर होता. मी आयुष्यभर लोकांना गोष्टी रंगवून सांगत आलो. त्या दिवशी मला तीनच शब्द सांगायचे होते.

"जुळलं होतं, अण्णा."

त्यांनी डोळे मिटले आणि माझ्या हातून पाणी घेतलं.