दोन बोटांची गाठ

एकोणीसशे त्रेसष्टच्या मार्चात आमची फील्ड कंपनी नेफातून, म्हणजे ईशान्येच्या चीन सीमेवरून, बेंगळूरला परत आली. मी तेव्हा हवालदार होतो. आडनाव जाधव, पण कंपनीत सगळे मला राव म्हणत, कारण इथल्या माणसाला मराठा दिसला की तो राव. आमचं घराणं शहाजीराजांच्या वेळी या मुलखात आलं आणि परत जायचं विसरलं. माझी मराठी ऐकून पुण्याकडचे पाहुणे गालात हसतात. हसू देत. मला दुसरी येत नाही.

सॅपर म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पूल बांधणं, पूल उडवणं, सुरुंग पेरणं आणि काढणं, हे आमचं काम. बंदूक आमच्याकडेही असते, पण भरवसा दोरावर आणि तारेवर. रिक्रूट आला की त्याच्या हातात आधी दोर देतात. आणि एक नियम त्याच्या डोक्यात ठोकून बसवतात. चार्ज, म्हणजे उडवायची दारू, जोडायला एकच माणूस बसतो. तो उठेपर्यंत तारेला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, मग तो कर्नल का असेना. दोघांनी मिळून जोडलेल्या चार्जची जबाबदारी कुणाचीच नसते.

नाईक अंथोनी आमच्याच प्लाटूनमध्ये होता. शिवाजीनगरचा, तमिळ ख्रिस्ती. आईबाप लहानपणीच गेले. थोरल्या बहिणीने, मेरी अक्काने, शिवणाच्या मशीनवर त्याला वाढवला. रागीट माणूस, पण दोर हातात आला की एकदम शांत. त्याने बांधलेलं लॅशिंग, म्हणजे ओंडक्यांचा दोराने आवळलेला जोड, सुभेदार साहेब नव्या पोरांना दाखवायला न्यायचे. बासष्टच्या हिवाळ्यात आम्हाला कापडी बुटांत आणि पातळ मोज्यांत बर्फावर चढवलं. खाली उतरलो तेव्हा अंथोनीच्या डाव्या हाताची मधली तीन बोटं काळी पडली होती. ती कापावी लागली. अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली.

एप्रिलात त्याचा मेडिकल बोर्ड ठरला. घरी पाठवायचं की खालच्या कॅटेगरीत ठेवून घ्यायचं, हे बोर्ड ठरवणार होता, पण त्याच्या आधी कंपनी कमांडरची शिफारस लागते. आमच्या मेजर साहेबांनी ती द्यायला नकार दिला. मेजर साहेब वाईट नव्हते. जवानांचं ऐकणारे होते, पण मऊ नव्हते. अंथोनीला समोर उभं करून ते म्हणाले, सॅपरला गाठ मारता आली पाहिजे, दोन बोटांनी गाठ बसत नाही. तू घरी जा, पेन्शन मिळेल, बहिणीला तिच्या शिवणाच्या दुकानात मदत कर. मी बाजूला सावधान उभा होतो.

“सर, रविवारी तळ्यावर येणार का? गाठ बसते का ते तिथे बघा,” अंथोनी म्हणाला. साहेबांनी मान हलवली.

आता तळ्याचं सांगतो. मेजर साहेबांना मासेमारीचा नाद होता, आणि तोही साधा नाही. फ्लाय फिशिंग. काठी बांबूच्या पट्ट्या चिकटवून केलेली, दोर रेशमी, मेण लावलेला. गळाला आमिष नाही, पिसांची खोटी माशी. दोर डोक्यावरून मागे फेकायचा, पूर्ण सरळ होऊ द्यायचा, मग पुढे. काश्मीरच्या ट्राउटसाठी ही विद्या आहे, पण साहेबांनी ती बेळ्ळंदूरच्या तळ्यावर आणली आणि मला नि अंथोनीला शिकवली. आज बेळ्ळंदूर म्हटलं की लोकांना काचेची ऑफिसं आणि ट्रॅफिक आठवतो. त्या वेळी कोरमंगल्यापासून पुढे सगळी शेतंच होती आणि तळ्याचं पाणी आम्ही ओंजळीने प्यायचो. त्या पाण्यात शिवडा होता.

शिवडा पाहिलाय का तुम्ही? खवलं नाहीत, अंग चपटं, रंग चांदीसारखा. जबडा डोळ्याच्या मागेपर्यंत फाटलेला आणि आत बारीक दातांच्या पट्ट्या, सगळे दात घशाकडे वळलेले. बेडूक, मासे, पाण्यावर उतरलेलं बदकाचं पिल्लू, काही सोडत नाही. त्याच्यासाठी माशी करायची ती पण तळहाताएवढी. कोंबड्याची मानेची पिसं, बोकडाचे केस, जुन्या मोज्याची खाकी लोकर. प्लाटूनवाले म्हणायचे, राव, ही माशी नाही, अख्खी कोंबडीच आहे, रस्सा करा.

शिवड्याच्या बाबतीत दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक, दोराच्या टोकाला असते ती नायलॉनची बारीक दोरी त्याच्या दातांवर कानशीवर घासल्यासारखी तुटते, म्हणून माशीच्या पुढे वीतभर तार लागते. दुसरी, त्याने माशी धरली की काठी उचलायची नाही. ट्राउटला काठी उचलतात. शिवड्याचं तोंड इतकं टणक की काठी उचलली तर गळ नुसता घसरून बाहेर येतो. काठी त्याच्याकडे सरळ धरायची आणि डाव्या हाताने दोर खसकन ओढायचा. डाव्या हाताने. म्हणजे आली का पंचाईत?

मी अंथोनीला बाजूला घेऊन म्हटलं, अरे बाबा, हे हात दाखवून अवलक्षण होईल. साहेब नुसते नाही म्हणालेत, तू त्यांना पुरावा देशील. तो माझ्यावरच भडकला. म्हणाला, मला दुकानात बसून काजं करायची नाहीत, मी सॅपर आहे. मग रोज संध्याकाळी ग्राउंडवर तो गळाच्या जागी पांढरी चिंधी बांधून दोर फेकत राहिला. उजव्या हाताने फेकायचा, लगेच काठी डाव्या काखेत दाबायचा आणि ओढायलाही उजवाच हात वापरायचा. पहिले दोन दिवस काठी काखेतून निसटून पायावर पडायची. बराकीच्या पायऱ्यांवर बसून लोक बघायचे आणि शेरे मारायचे. तो त्यांच्याकडे बघतही नसे.

रविवारी आम्ही दोघं सायकलवरून तळ्यावर पोचलो. मेजर साहेब जीपने आधीच आले होते. त्यांनी अट सांगितली. माशी, तार, गाठ, सगळं अंथोनीचं. मासाही त्यानेच काठावर आणायचा. राव मदत करणार नाहीत. मी सरी म्हटलं, इथल्या भाषेत बरं, म्हणजे यस सर म्हटलं.

ऊन चढायला लागलं होतं. बांधाच्या कडेला लव्हाळी संपतात तिथे पाणी फुटलं, म्हणजे खालून काहीतरी मोठं वळलं. अंथोनीने दोर फेकला. काठी काखेत. खेच, थांब, खेच. तिसऱ्या फेकीला पाण्यात एवढा मोठा खड्डा पडला की मी एक पाऊल मागे सरलो. अंथोनीने काठी उचलली नाही. उजव्या हाताने दोर ओढला आणि गळ बसला. मेजर साहेबांनी तोंडातला पाइप काढून हातात घेतला. मासा खोल पाण्याकडे सुटला, रीळ कर्र करत राहिलं, आणि मग एकाएकी दोर सैल पडला.

तार तुटली होती. अंथोनीने ती हातात घेऊन बघितली. तांब्याची होती. स्फोटाच्या केबलमधली. ही चूक सॅपरच करील. आमच्या स्टोअरमध्ये त्या केबलचे तुकडे जिथे तिथे पडलेले, आणि तांब्यावर आमचा इतका विश्वास की दुसरी तार सुचतच नाही. वीज न्यायला तांबं चांगलं. पण मासा पीळ घालत पळाला की त्याला मोड पडते, आणि मोड पडली की ते तुटतं.

“बस, नाईक. तू प्रयत्न केलास,” मेजर साहेब म्हणाले आणि जीपकडे वळले.

“सर, गाठ तुटली नाही,” अंथोनी म्हणाला. “तार तुटली.”

साहेब थांबले. मागे आले. दोराच्या टोकाची गाठ त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. ती जशीच्या तशी घट्ट होती. मग तिथेच दगडावर बसले.

अंथोनीने खिशातून पक्कड काढली, आपली सायकल आडवी पाडली आणि तिची मागच्या ब्रेकची केबल कापली. मी म्हटलं, माझी घे, मला घरी जायला काय, मी चालत जाईन. त्याने ऐकलंच नाही. केबलमधल्या पोलादी तारा त्याने उलगडल्या. एक टोक दातांत, दुसरं अंगठा आणि करंगळीच्या चिमटीत, आणि उजव्या हाताने पीळ. तार दोनदा निसटून गालावर बसली. ओठातून रक्त आलं. माझे हात नुसते शिवशिवत होते. दहा बोटांचा माणूस मी, आणि समोर माझा मित्र दातांनी तार वळतोय. मी एक पाऊल पुढे टाकलं.

“राव, मागे,” तो वर न बघता म्हणाला. “मी बसलोय ना?”

मी मागे सरलो. मेजर साहेबांनीही ते ऐकलं. सॅपर होते तेही. एक माणूस जोडायला बसला की बाकीच्यांनी काय करायचं, ते त्यांना मी सांगायची गरज नव्हती. ते दगडावरून हलले नाहीत.

दुसऱ्या शिवड्याने माशी धरायला फार वेळ लावला. उन्हाने मान भाजली. एकदा वाटलं, संपलं सगळं, आता हा माणूस शिवणाच्या मशीनवर बसणार आणि वर्षभरात दारू प्यायला लागणार. मी मनातल्या मनात खंडोबाला नवस बोललो, अंथोनीच्या वतीने मेरी मातेलाही एक बोललो. आणि मग माशी पाण्यावरून गायब झाली. नुसती गायब. अंथोनीने दोर असा ओढला की कोपर माझ्या बरगडीला लागलं असतं, जवळ असतो तर.

मासा लव्हाळ्यात घुसला. दोर अडकला. अंथोनी बुटांसकट छातीइतक्या पाण्यात उतरला, काठी डोक्यावर धरून, आणि उजव्या हाताने एकेक लव्हाळं सोडवत गेला. मग काठीचा बुडखा पोटाशी, डाव्या मनगटाने दाबलेला, उजव्या हाताने रीळ. तो पाठीमागे चालत आला, मासा उतरत्या काठावर ओढत. शिवडा चिखलावर आला आणि जबडा आपटायला लागला. अंथोनीने त्याच्यावर गुडघा टेकला. मासा त्याच्या मांडीपासून घोट्याच्या खाली जात होता. पोलादी तारेवर दातांचे ओरखडे होते, पण तार अखंड होती.

मेजर साहेब उठले. तार पाहिली, गाठ पाहिली, अंथोनीचा हात पाहिला. म्हणाले, बोर्डापुढे मी स्वतः येतो. आणि जीपमध्ये बसून गेले. अंथोनी चिखलात बसून रडला. मीही रडलो, लपवायचं कशाला. येताना उतारावर त्याच्या सायकलला ब्रेक नव्हता, दोन्ही पाय जमिनीला घासत तो शिव्या देत आला. शिवडा मेरी अक्काने चिंच घालून केला.

बोर्डाने त्याला ठेवून घेतलं. तो रिक्रूटांना गाठी शिकवू लागला. पासष्टला कंपनी पंजाबात गेली तेव्हा त्याला मागे राहता आलं असतं. त्याने स्वतः नाव दिलं. सप्टेंबरात एका कालव्यावर आम्हाला पूल टाकायचा होता. वरून गोळे पडत होते. शेवटचं लॅशिंग अंथोनीचं. मी वायरलेस सेटवर होतो. तो वळला आणि त्याने अंगठा वर केला.

“पूल तयार. गाड्या सोडा. ओव्हर,” मी सेटवर सांगितलं. पुढचा गोळा अलीकडच्या काठावर पडला. अंथोनी तिथे उभा होता. त्याच्याबरोबर आणखी दोघं गेले. गाड्या त्याच पुलावरून पार झाल्या.

नोव्हेंबरात मी शिवाजीनगरला मेरी अक्काच्या दुकानात गेलो. तिचा दीर तिथे बसला होता. मी बोलायच्या आत तो सुरू झाला. बिचारा अंथोनी, दोन बोटांचा माणूस. बोर्डाने घरी पाठवला असता तर आज इथे बसला असता. तुम्ही लोकांनी मासे मारायच्या नादात त्याला मारलं. माझं डोकं सणकलं. मी म्हटलं, तोफेचा गोळा बोटं मोजत नाही. त्याच्या बाजूचे दोघं दहा-दहा बोटांचे होते.

अक्काने मशीन थांबवलं. माझ्याकडे बघून विचारलं, “पूल टिकला?”

“टिकला, अक्का. सगळ्या गाड्या गेल्या.”

“बांधला कुणी?”

“शेवटची गाठ त्याची.”

ती दिराकडे वळली. “ऐकलं? आता त्याला बिचारा म्हणायचं असेल तर दुकानाच्या बाहेर जाऊन म्हण.”

दीर उठून गेला. अक्काने मशीनच्या चाकावरचा हात काढला. मग तिने मला कॉफी दिली.

दरवर्षी आमच्या जुन्या लोकांच्या मेळाव्यात गेलेल्यांची नावं वाचतात. नाईक अंथोनीचं नाव येतं, त्याच्या पुढेमागे त्या दोघांची येतात. माझे गुडघे आता गेले आहेत. डॉक्टर म्हणतात, अण्णा, बसून ऐकलं तरी चालतं. मी सरी म्हणतो आणि शेवटचं नाव होईपर्यंत उभा राहतो.